पेवात उतरण्याआधी

हरिपुरात पेव उघडायचं म्हणजे
आधी तोंडावरची माती खरवडायची,
मग फरशी सरकवायची,
आणि मग काही करायचं नाही.
लांब बसून बिडी ओढायची.
आतली कोंडलेली वाफ वर येऊन
नदीच्या वाऱ्याला लागेपर्यंत
सकाळची दुपार होते.

मग दोरीनं कंदील सोडायचा.
दहा हात, पंधरा, वीस.
वात तेवत राहिली तर माणसानं उतरायचं.
विझली तर नाही.
यात शिकवण्यासारखं काही नाही.
माझ्या चुलत्याला हे माहीत होतं,
फक्त त्या दिवशी घाई होती.

हळद पेवात मोकळी ओततात.
तिला नाव नसतं.
समडोळीची असो, कसबे डिग्रजची असो,
अंधारात एकमेकींत मिसळून जाते
आणि वर येते तेव्हा सगळी सारखीच पिवळी.
कुणाची किती, ते वहीत असतं.

पुरात दुकानात पाणी
कपाटाच्या तिसऱ्या फळीपर्यंत आलं.
वही दुसऱ्या फळीवर होती.
सात पेवं बसली,
उंचवट्यावरचं एक तेवढं वाचलं.

कलगोंडा चौगुले त्याच श्रावणात गेला.
त्याची बायको अक्काताई आली,
बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी.
म्हणाली, "किती पोती, ते कधी बोलले नाहीत घरात.
चाळीस असतील, माझ्या अंदाजानं."

शेठनं वर पाहिलं नाही.
शर्टाच्या टोकानं कॅल्क्युलेटर पुसत म्हणाला,
"इलाही, तूच ओतलीस. चाळीसच ना?"

मीच ओतली होती.
त्रेसष्ट.
त्रेसष्टाव्या पोत्याचं बूड फाटलं,
कलगोंडानं शिवी घातली, मग स्वतःच हसला
आणि आपल्या चहातला अर्धा मला दिला.
असा आकडा माणूस विसरत नाही.

धनपाल शेठ वाईट नाही, हेही सांगतो.
थोरल्याच्या ऑपरेशनला त्यानं दिलेले पैसे
त्यानं कधी मागितले नाहीत.
खोटं बोल, असंही तो म्हणाला नाही.
नुसतं "ना" म्हणाला.
त्या एवढ्याशा "ना"मध्ये तेवीस पोती मावली होती.

लहानपणी काय काय कानावर घातलं होतं,
मशिदीत, शाळेत, आईनं चुलीपुढं.
त्यातलं काही आठवलं नाही त्या घटकेला.
मुलीच्या बुटाची एक नाडी सुटली होती,
तेवढी दिसत होती.
मी मनातल्या मनात "हो" म्हणून पाहिलं,
हळूच, दोरी धरून,
दहा हात, पंधरा.
वीस हातांवर विझलं.

"त्रेसष्ट," मी म्हणालो.

शेठनं बटणं दाबली. त्रेसष्ट लिहिले.
पुढच्या हंगामात पेवाला मिरजेचा माणूस आला.
मी आता पॉलिशच्या ढोलावर असतो,
रात्री खोकताना पिवळं पडतं.
बायको म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं का?"
विचारलं होतं गं,
अडचण तीच झाली.

आणि हे कुणाला सांगितलेलं नाही.
आठ वर्षांपूर्वी कवठेपिरानचा एक म्हातारा होता.
अकरा पोती.
तेव्हाही आकडा मला पाठ होता.
तेव्हा मी कंदील सोडलाच नाही,
नुसता बिडी ओढत लांब बसलो,
आणि म्हातारा रिकामी पोती घडी घालून
काखेत मारून निघून गेला.

सोमवारी कवठेपिरानची एसटी धरली.
विचारत विचारत घर सापडलं.
दाराला कुलूप, कुलपावर गंज.
शेजारणीनं तांब्याभर पाणी दिलं.
"म्हातारा जाऊन झाली की चार वर्षं.
काय काम होतं?"

"अकरा," मी म्हणालो.

तिनं आत डोकावून भिंतीवर पाहिलं.
"नाही हो," म्हणाली,
"अजून साडेदहाच झालेत."